बुटक्या स्टुलांचा देश

हनोईच्या जुन्या भागात सकाळी साडेसहाला फूटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. निळी-लाल प्लास्टिकची स्टुलं मांडलेली असतात, आणि तीही इतकी बुटकी की आपल्या मोरीतला पाट आठवावा. ऑफिसला निघालेली माणसं गुडघे छातीशी घेऊन त्यांवर बसतात, वाफाळत्या वाडग्यात मान घालतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तोंड पुसून उठतात. शेजारी एक बाई, एक मोठं पातेलं आणि धुण्याची एक बादली. एवढंच हॉटेल.

पाठीवर पिशवी टाकून, हात राखून व्हिएतनाम फिरायचा असेल तर या स्टुलाकडे नीट बघावं. माझ्या मते या देशातल्या खर्चाचा सगळा हिशोब त्याच्या उंचीत आहे. स्टूल जितकं बुटकं तितकं बिल लहान. गुडघ्याएवढी खुर्ची आली की आकडा दुप्पट होतो, पाठ टेकायला मिळाली की तिप्पट, आणि टेबलावर कापडी रुमाल दिसला की आपण मुंबईतच जेवतो आहोत असं समजून पैसे द्यावेत.

आकड्यांची सवय मात्र आधी करून घ्यावी लागते. इथलं चलन डोंग. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात, त्यामुळे विमानतळावर पाच हजार रुपयांचे डोंग घेतले की माणूस एका क्षणात लक्षाधीश होतो. हिशोबाची सोपी रीत अशी: शेवटची तीन शून्यं खोडायची, उरलेल्या आकड्याला तीनने गुणायचं आणि थोडं वर धरायचं. तीस हजार डोंग म्हणजे शंभर रुपये. दुकानदार तर ती तीन शून्यं बोलतही नाहीत. पाटीवर नुसतं ‘३०’ लिहिलेलं असतं. बहुतेक नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा, आणि वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळी. अंधुक दिव्याखाली टॅक्सीतून उतरताना सत्तर रुपयांऐवजी सतराशे देऊन बसलेले प्रवासी कमी नाहीत. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं हा या प्रवासातला सर्वांत स्वस्त विमा.

याच नोटांच्या मागच्या बाजूला देश छापलेला आहे. एक लाखाच्या नोटेवर हनोईचं साहित्य-मंदिर, दोन लाखांच्या नोटेवर हा लाँगच्या उपसागरातला सुळका, पन्नास हजारांवर हुए, वीस हजारांवर होई आनचा छपराचा पूल. फक्त दहा हजारांवर समुद्रातली तेलविहीर आहे; तिथे जायची गरज नाही.

आता हे सगळं एवढं स्वस्त का? मजुरी कमी हे उत्तर खरं, पण अर्धवट. १९८६ पर्यंत व्हिएतनाममध्ये धान्य, कापड, मांस कूपनांवर मिळत असे आणि खासगी व्यापारावर कडक बंधनं होती. त्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण आणलं आणि माणसांनी राहत्या घराचं पुढचं दार उघडून दुकान मांडलं. शहरातली घरंही त्याला सोयीची. रस्त्याकडे जेमतेम तीन-चार मीटर रुंद आणि आत बोगद्यासारखी लांबच लांब. त्यांना नळीघरंच म्हणतात. तळमजल्यावर धंदा, वर संसार. भाडं नाही, नोकर नाहीत, आणि पदार्थ एकच. फ विकणारी बाई फक्त फ विकते (रोमन स्पेलिंग बघून आपण त्याला फो म्हणतो, ते हसून समजून घेतात). शेजारीण फक्त बान मी, म्हणजे फ्रेंचांनी मागे ठेवलेला पाव, पोटात कोथिंबीर, लोणच्याचं गाजर आणि काय असेल ते भरून. एकच पदार्थ असला की माल वाया जात नाही आणि हात मशीनसारखा चालतो. आपल्या वडापावच्या गाडीचं अर्थशास्त्र याहून वेगळं नाही. फरक इतकाच, की तिथे ते नाश्त्यापुरतं न थांबता दिवसभराच्या जेवणाला लागू पडतं.

स्टूल बुटकंच का, याची लोक दोन-तीन कारणं देतात. फूटपाथ अरुंद, म्हणून कमी जागेत जास्त गिऱ्हाईक बसतं. उकिडवं बसायची सवय जुनी. आणि पोलिसांची गाडी आली की दहा स्टुलं एकात एक घालून एका हाताने घरात नेता येतात. हे तिसरं कारण गमतीचं वाटलं तरी ते खरं दुखणं आहे. २०१७ मध्ये सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीच्या, मधल्या भागात फूटपाथ मोकळे करण्याची मोठी मोहीम निघाली होती, आणि अशा मोहिमा अधूनमधून होतच असतात. पर्यटकाला जे ‘मोहक’ वाटतं ते पालिकेच्या वहीत अतिक्रमण असतं. फेरीवाल्यांच्या गाड्या पाहत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

शाकाहारी मंडळी इथवर वाचून अस्वस्थ झाली असतील. त्यांना एकच शब्द पाठ करावा लागतो, आणि तो ते रोज उच्चारतातच: चाय. व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी जेवतो. चहा मिळेल या आशेने हा शब्द उच्चारलात तर समोर टोफू येईल. तिथला शाकाहार बौद्ध परंपरेतला. कित्येक लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे महिना लागताना आणि पौर्णिमेला, मांस-मासे टाळतात, आणि त्या दिवशी एरवी कोंबडी विकणाऱ्या गाड्यांवरसुद्धा ‘चाय’ची पाटी लागते. पौर्णिमा बघून प्रवास आखणारा पर्यटक मी तरी पाहिला नाही, पण आखायला हरकत नाही. इतर दिवशी ‘कोम चाय’ लिहिलेल्या खानावळी शोधाव्यात: भात आणि वर तीन-चार भाज्या, शंभर-सव्वाशे रुपयांत पोटभर. लसूण घालून परतलेली राउ मुओंग जवळजवळ सगळीकडे मिळते. ती म्हणजे आपली नाळीची भाजी. घात करतो तो न्युक माम, मासे मुरवून काढलेला खारट रस. तो मिठासारखा कशातही पडतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच.

कॉफीबद्दल बोलायला मला कारण लागत नाही. ब्राझीलखालोखाल जगात सर्वांत जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतो आणि त्यातली बहुतेक रोबस्टा जातीची, कडू, जाड, झोप उडवणारी. पेल्यावर ठेवलेल्या छोट्या धातूच्या गाळणीतून ती थेंबथेंब खाली उतरते. खाली साखरेचं घट्ट डबाबंद दूध; ताजं दूध त्या हवेत टिकत नसे म्हणून फ्रेंच काळात आलेली सोय, आता तीच चव. हनोईत अंड्याची कॉफी मिळते. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलातल्या न्गुयेन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेत फेसून दुधाच्या जागी वापरला. ऐकायला विचित्र, चाखायला श्रीखंडाच्या दूरच्या नात्यातली. कॉफी साधारण शंभर रुपयांत, आणि ती संपली तरी कोणी उठवत नाही. बसलेल्या गिऱ्हाइकाला वर थंड, फिक्का चहा फुकट आणून देण्याची पद्धत आहे.

देशाचा नकाशा पाहिला की प्रवासाचा आराखडा आपोआप ठरतो. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १,६५० किलोमीटर, आणि मध्ये कंबर इतकी बारीक की एके ठिकाणी समुद्र ते लाओसची सीमा पन्नासच किलोमीटर. व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात: दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या, उत्तरेला लाल नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचं, आणि मधे वाकलेला बांबूचा दांडा. अशी कावड घेऊन फळं विकणाऱ्या बायका हनोईत आजही दिसतात. अर्थ एवढाच की हनोईत उतरावं आणि सायगॉनहून परतावं. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत. जाऊन-येऊन तिकीट एकाच शहराचं काढलं की पुन्हा सगळी कावड तुडवत मागे यावं लागतं.

दांड्यावरून जायला दोन साधनं. एक झोपायची बस: आत तीन रांगा, दोन मजले, बूट दारातच काढून पिशवीत घ्यायचे. रात्रीचा प्रवास, त्यामुळे मुक्कामाचे पैसे वाचतात. पण ती शय्या पाच फूट सहा इंचांच्या माणसासाठी बेतलेली आहे. उंच माणसाने आपले पाय कुठे ठेवायचे ते आधी ठरवावं. दुसरं साधन रेल्वे, आणि माझा कौल तिलाच. फ्रेंचांनी अनेक दशकं खपून १९३६ मध्ये हनोई ते सायगॉन हा १,७२६ किलोमीटरचा मार्ग पुरा केला. युद्धात पूल उडाले, देशाचे दोन तुकडे झाले, रूळही तुटले. १९७६ च्या अखेरीस ती पुन्हा सलग धावली आणि तिला ‘थोंग न्यात’, म्हणजे एकीकरण, हे नाव मिळालं. आजही ती मीटरगेजच आहे. मनमाड-परभणीकडच्या ज्या पिढीने मीटरगेजच्या डब्यात झोके खाल्ले, तिला तो हेलकावा ओळखीचा वाटेल. सगळं अंतर एका दमात तोडायला तीसेक तास लागतात, पण तसं कोणी करू नये.

त्यातला हुए ते दा नांग हा जेमतेम शंभर किलोमीटरचा तुकडा दिवसाउजेडी, साध्या बैठकीच्या तिकिटावर करावा. मध्ये हाय वानचा डोंगर येतो. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. २००५ मध्ये सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून बस त्या डोंगराच्या पोटातून काळोखातच पार होते. रेल्वे मात्र अजून कड्याच्या कडेकडेने, खाली लाटा आपटताहेत अशी वळणं घेत जाते. दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीशी बसायचं. पाचशे रुपयांच्या आत हे सगळं मिळतं, आणि महागड्या सहलीत नेमकं हेच वगळलेलं असतं.

शहरात फिरायला ‘से ओम’. से म्हणजे गाडी, ओम म्हणजे मिठी. मागे बसून चालकाला मिठी मारून जायची मोटारसायकल. आता ती ॲपवर बोलावता येते आणि कोणी मिठी मारत नाही, पण नाव राहिलं. दहा कोटी लोकांच्या देशात सात कोटींहून जास्त मोटारसायकली नोंदलेल्या आहेत, म्हणून रस्ता ओलांडणं ही नवख्याची पहिली परीक्षा. सिग्नलची वाट बघू नका. हळू, एकाच गतीने चालत राहा, थांबू नका, मागे तर मुळीच फिरू नका. प्रवाह दगडाला वळसा घालतो तसा तो तुम्हाला घालतो. पुणेकराला हे दोन मिनिटांत जमतं.

स्वतः गाडी भाड्याने घेऊन उत्तरेत हा जांगच्या घाटवाटा फिरायचा मोह सगळ्यांना होतो. इथे एक तांत्रिक खोच आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ चा. म्हणजे आपला परवाना खिशात असूनही कायद्याच्या लेखी आपण विनापरवाना, आणि अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करायला मोकळा. भाड्याने देणारा हे सांगणार नाही. स्थानिक चालकाच्या मागे बसून तोच फेरा करता येतो. पैसे थोडे जास्त जातात, पण डोंगर बघायला डोळे मोकळे राहतात. आणि पासपोर्ट कोणाकडेही अनामत ठेवू नये.

बोलण्याचं काय? व्हिएतनामीत सहा सूर आहेत. एकच अक्षर सहा तऱ्हांनी म्हटलं की सहा अर्थ. ते आपल्याला जमणार नाही हे मान्य करून टाकावं. पण पाट्या वाचता येतात, कारण लिपी रोमन आहे, आणि या लिपीच्या गोष्टीत गोवा येतो. सतराव्या शतकात पोर्तुगीज जेझुइटांनी ही भाषा रोमन अक्षरांत बसवली. अलेक्झांडर द ऱ्होड या फ्रेंच पाद्र्याने १६५१ मध्ये रोममध्ये तिचा शब्दकोश छापला. पूर्वेकडे जाण्याआधी तो दोनेक वर्षं गोव्यात राहिला होता. त्याच गोव्यात, तो येण्याच्या थोडं आधी, १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं होतं, मराठी ओव्या रोमन अक्षरांत. आपल्या मराठीला ती अक्षरं चिकटली नाहीत. व्हिएतनाममध्ये विसाव्या शतकात तीच राष्ट्राची लिपी झाली.

दुसरी सोय तर घरचीच आहे. व्हिएतनामीत ‘तुम्ही’ला सरसकट एक शब्द नाही, समोरच्याला नात्याने हाक मारायची. ‘चि ओइ’ म्हणजे अहो ताई. ‘आन ओइ’ म्हणजे अहो दादा. लहान असेल तर ‘एम’. इंग्रज-अमेरिकन प्रवासी यात अडखळतात, कारण अनोळखी बाईचं वय मनात धरून तिला नातं चिकटवणं त्यांना अवघड जातं. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला काका म्हणणाऱ्यांना त्यात शिकण्यासारखं काय आहे? घासाघीस करताना आधी ताई म्हणावं, मग किंमत विचारावी. खुद्द हो चि मिन्ह यांना देश ‘बाक हो’ म्हणतो, आणि बाक म्हणजे थोरले काका.

त्यांच्याबद्दल आपल्याकडे मोबाइलवर वर्षानुवर्षं एक संदेश फिरतो: व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने हरवलं आणि त्यांच्या नेत्याच्या समाधीवर ‘शिवरायांचा मावळा’ असं कोरलेलं आहे. हनोईत जाऊन बघता येतं. समाधिगृहावर फक्त ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढीच अक्षरं आहेत, आणि आत काचेत त्यांचा जतन केलेला देह. खरं तर त्यांनी मृत्युपत्रात दहन करा असं लिहिलं होतं. सकाळी लवकर रांग लावावी, गुडघे झाकलेले असावेत, आत बोलू नये. १९५८ मध्ये ते भारतात येऊन गेले होते, हे मात्र खरं.

खरा भारतीय धागा शोधायचा तर तो मध्य व्हिएतनाममध्ये, होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या डोंगरांच्या कुशीत सापडतो. मी सन इथे चंपा राज्याची विटांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे देव स्थापला आणि स्वतःच्या नावाला ईश्वर जोडून त्याला भद्रेश्वर म्हटलं. पुढे हजारेक वर्षं राजे बांधत राहिले. विटांमधले सांधे इतके बारीक की त्या कशाने चिकटवल्या यावर अभ्यासकांची चर्चा अजून चालू आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात सर्वांत मोठं शिखर जमीनदोस्त झालं. खड्डे अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ पासून इथल्या काही गटांची डागडुजी केली आणि २०२० मध्ये त्यांना काम करताना अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. आत जायला दीड लाख डोंग, म्हणजे पाचशे रुपये. होई आनहून सहलीच्या बसेस नऊच्या पुढे पोचतात. सहाला उठून गेलात तर देवळं आणि रातकिडे एवढेच सोबतीला असतात. मूर्ती मात्र बहुतेक दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात आहेत, १९१९ मध्ये फ्रेंचांनी उघडलेल्या. आणि चाम माणसं संपलेली नाहीत. आणखी दक्षिणेला, फान रांगच्या आसपास, आजही हिंदू परंपरेचे चाम राहतात आणि जुन्या विटांच्या देवळांत सण करतात.

पैसा कुठे उडतो तेही सांगायला हवं. हा लाँगच्या बोटीवर रात्रभर राहणं हा मोठा खड्डा. तसेच सुळके, तसंच हिरवं पाणी शेजारच्या कात बा बेटाहून दिवसाच्या बोटीने कितीतरी कमी पैशांत दिसतं. दा नांगजवळ दोन दगडी हातांनी तोललेला सोनेरी पूल तुम्ही फोटोत पाहिला असेल. ते हात दगडाचे नाहीत, आणि पूल एका करमणूक-बागेत आहे. रोपवेसकट तिकीट साधारण तीन हजार रुपये. ज्याने त्याने ठरवावं, मी ते पैसे कॉफीत घातले असते. एरवी सामायिक खोलीतला पलंग चारशे ते सातशे रुपये, दिवसभराचं खाणं पाच-सहाशे, आणि प्रवास-तिकिटं सरासरीत धरून रोजचे दोन-अडीच हजार रुपये पुरतात. विमान आणि व्हिसा वेगळा. व्हिसा ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावर, २५ डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत. सरकारी दिसणारी पण दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरायचं. मराठी नावांत मधलं वडिलांचं नाव गाळलं जातं आणि विमानतळावर खोळंबा होतो.

हवामान एक नाही, तीन आहेत. डिसेंबर-जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो तेव्हा सायगॉनमध्ये घाम निथळत असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल त्यातल्या त्यात सगळीकडे बरं. चांद्र नववर्षाचा, म्हणजे ‘तेत’चा आठवडा टाळावा, अख्खा देश गावी गेलेला असतो आणि स्टुलं घरात.

शेवटचं शहर सायगॉन. तिथे मधोमध, चर्च आणि जुन्या राष्ट्राध्यक्ष-भवनाच्या मधल्या बागेत, झाडांखाली ‘का फे बेत’ नावाचा प्रकार चालतो. बेत म्हणजे जमिनीवर फतकल मारून. विकणारी येते, वर्तमानपत्राचा एक कागद देते, तो अंथरून तुम्ही बसायचं. पेला हातात आणि टेबल म्हणजे धरणी. स्टूलच नाही. किंमत विचाराल तर आतापर्यंतच्या नियमाला धरूनच असते.